समासातलं नाव

बोअरची गाडी बाभूळखेड्यात आली तेव्हा
शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या.
पोरांनी मला धरून नेलं:
गुरुजी, गाडीवर काय लिवलं हाय?
गोल, वळलेली, शेपूट आत ओढून बसलेली अक्षरं.
एकवीस वर्षं व्याकरण शिकवतो.
एकही वाचता आलं नाही.

रात्री मशीन बंद. गड्यांनी भात रांधला,
मी घरून ठेचा नेला.
पाइप मोजणारा सडपातळ पोरगा
तिकडच्या जुन्या कवितेत एम.ए. अर्धं सोडून आलेला.
मोडक्या हिंदीत सांगत होता,
आमच्या काही कवींची नावंच हरवली.
मग संग्रह बांधताना कोणीतरी
त्यांच्याच ओळीतला शब्द उचलला
आणि तेच नाव ठेवलं.
आणि व्याकरण? मी विचारलं, जरा मास्तरकीनं.
तो हसला. तिथं तर ग्रंथावरूनच माणसाचं नाव.
आता एक होता की पुष्कळ,
त्यानं बॅटरी फिरवली ढिगाऱ्यावर:
काळी माती, मुरूम,
गेरूचा लालसर थर,
मग पत्थर, राखाडी पीठ होऊन आलेला.
"ये सब किसने लिखा, सर?"

दुसऱ्या दिवशी एकशे साठला कोरडं.
दोनशे दहाला कोरडं.
नारळ हातावर धरून जागा दाखवणारा झिंगरू
केव्हाच सटकला होता.
सरपंच कुसुमताई ढोक धुळीत उभ्या, तोंडाला पदर.
पोरगा पाइपावर तळवा ठेवायचा, म्हणायचा,
"रुको, थंडा आता है."
दोनशे ऐंशीला आलं.
आधी पिठाळ, मग निवळ.

पंचायतीच्या रजिस्टरात रकाने होते:
जागा, खोली, व्यास, किती इंच पाणी, ठेकेदार.
मी समासात त्याचं नाव लिहायला घेतलं.
त्यात एक वर्ण असा
की ळ म्हणावा तर जीभ अडते,
य म्हणावा तर निसटते.
तीनदा त्यानं म्हणून दाखवला,
तीनदा मी खोडला.
पहाटे गाडी दारव्ह्याकडं गेली.

आता बाया गुंड उचलताना म्हणतात,
चाल वो, थंडाआताहैवर जाऊ.
मी पोरांना विचारलं, तो पाइपवाला आठवतो का रे?
"कोन? थंडाआताहै?"

खाडाखोड अजून तशीच आहे.
नव्या ग्रामसेवकानं तिच्याशेजारी
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.