सदतिसावा आठवडा

टायरच्या कडेला, लंबगोलात, चार आकडे असतात.
पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.
हे मला कुझमुकनं सांगितलं नाही,
तो तर नेमका त्यांच्यावर पंजा टेकून उभा होता.
सांगितलं माझ्या भावानं, आनातोलनं,
जो आता ट्रॅक्टरवर चढत नाही,
खिडकीशी बसून नुसत्या आवाजावरून
मी कुठला गिअर चुकले ते ओळखतो.

आमचा उर्सुस माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा.
इंजिन दर हिवाळ्यात खोकतं आणि उठतं.
मागचं उजवं टायर मात्र संपलं.
नांगरताना तेच सरीत उतरतं, तेच झिजतं,
डावं वरच्या अंगानं कोरडं कोरडं चालतं.
(दोन भावंडांच्या घरात असंच असतं.
कोण कुठल्या बाजूला, ते विचारू नका.)

बर्गनहून मुलगी म्हणाली, नवीन घे, रेडियल घे,
वीस वर्षं बघायला नको. पैसे मी पाठवते.
वीस वर्षं!
मी मनातल्या मनात बेरीज मांडली,
माझी, उर्सुसची, आनातोलच्या गुडघ्यांची,
आणि फोनवरच हसू फुटलं.
एवढं टिकाऊ टायर घ्यायचं
म्हणजे मयताला माणसं आत्तापासून सांगून ठेवायची.

तर कुझमुकचं आवार,
हाइनुफ्काच्या पुढे, बंद पडलेल्या लाकूडगिरणीमागे.
टायरांच्या चळती, चळतींत पावसाचं पाणी,
पाण्यात बेडकांचा संसार.
नव्या जोडीचे अठ्ठावीसशे झ्लॉटी,
वापरलेलीचे नऊशे.
"जोडी आहे," तो म्हणाला.
मी शिवणाची टेप काढली, दोन्हींना गुंडाळली,
चार बोटांचा फरक.
जोडी कशी रे, कुझमुक?
एकाच गाडीतून उतरली म्हणून?

दुसरी दाखव. तिसरी दाखव.
भेगेत नख घालून बघायचं,
आत सुताचा धागा लागला की पुढे चालू लागायचं.
आत हात फिरवायचा, बोटं हुंगायची,
खारं पाणी भरलेलं असलं तर गंजाचा वास येतो.
गुडघे टेकून, चष्मा कपाळावर ढकलून
मी टायरच्या पोटात अर्धी शिरले होते,
आणि पंजा सरकला.

तीन सात शून्य नऊ.

सदतिसावा आठवडा. सप्टेंबर.
त्या आठवड्यात मुलगी दोन बॅगा घेऊन
पहाटेच्या बसमध्ये चढली होती.
दुसऱ्या बॅगेची चेन तुटलेली, मी सुतळी बांधली.
तेव्हा कुठल्याशा कारखान्यात
हे रबर साच्यात शिजत होतं.

मी उठले, गुडघे झटकले,
म्हटलं, "पंधरा वर्षांचा माल आहे. दोनशे कमी कर."
आणि त्यानं केले.

बसवायला त्याचा नातू आला, आर्सेन,
साबणाचं पाणी, दोन पहारी आणि कानात गाणी.
पोरगं कामाला वाघ. संध्याकाळच्या आत दोन्ही चाकं उभी.

सकाळी ओल्या रानात शंभर पावलं गेले,
ट्रॅक्टर डावीकडे घसरतोय, माती सोडत नाही.
खाली उतरून मागे पाहिलं.
उजव्या चाकाचे बाण एकीकडे,
डाव्याचे नेमके उलट.
जणू अर्धा ट्रॅक्टर शेतावर निघाला
आणि अर्धा घरी परत आला.

फाटक वाजलं.
आनातोल, काठी टेकत, घरातली चप्पल चिखलात,
ईस्टरनंतर पहिल्यांदा अंगणाच्या बाहेर.
मला वाटलं, आता बोलणी खायची.
तो ठशांवरून ठशांवर नजर फिरवत आला,
डाव्या चाकापाशी वाकला,
आंधळ्यानं चाचपावेत तसे आकडे चाचपले.
"सदतीस, नऊ."
मी गप्प.

"त्या वर्षी बटाटा हा एवढा झाला होता,"
तो म्हणाला, आणि मूठ दाखवली.
मग म्हणाला, "हे काढून पुन्हा बसवावं लागणार."

लागणारच.
पण आधी या दोन ओळी उरकू दे,
आभाळ खाली आलंय.