सकाळची धार

लातूरला पहाटे साडेपाचला टेम्पो येतो.
शिशाचं मडकं उतरवून घेताना
इलियास दर वेळी म्हणतो, जड हाय बरं का.
जसं काही मागच्या सोमवारी हलकं होतं.
मग आम्ही दोघं तळमजल्यावर जातो,
दिवा लावायच्या आधी गोठ्यात शिरावं तसे.

याला आम्ही धार काढणंच म्हणतो.
एका बाजूनं मिठाचं पाणी,
दुसऱ्या बाजूनं रिकामी कुपी ओढून घेते.
ना फेस, ना वाफ, ना रंग.
औशाकडची आमची देवणी लाथ मारायची,
ही मारत नाही.
फक्त आटते,
आणि आटायची घाई तिला फार.
काढलेलं सहा तासांत अर्धं होतं.
उदगीरची एसटी अहमदपुरात अडकली
तर कुणाच्या तरी हाडांसाठी काढलेला उजेड
बाकावर बसून वाट बघण्यातच जातो.

व्हिएन्नात मला भिंतीएवढा नकाशा दिला होता
आणि हातात लाल ठिपक्याची काडी.
कॅमेरा आहे त्या गावाला निळं टिंब.
मी वीस मिनिटं बोलले,
'पोहोच' हा शब्द अकरा वेळा वापरला.
जेवणाच्या सुट्टीत लुसाकाची मुतिंता म्हणाली,
आमचं मडकं नऊ दिवस विमानतळावर होतं,
एका सहीसाठी. उघडलं तेव्हा
काही उरलंच नव्हतं म्हणावं असं.
भाकड, मी म्हणाले.
काय? तिनं विचारलं.
सूप गार होईपर्यंत मी तिला तो शब्द सांगत होते.

सत्वशीला चाकूरची. वय सव्वीस.
गळ्यातली गाठ काढलेली, उरलंसुरलं जाळायचं होतं.
पोर अकरा महिन्यांचं, अंगावर पिणारं.
दीड महिना आधी सांगितलं, सोडव त्याला.
सोडवला तिनं. कडुलिंब वाटून लावला.
सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.

औषध प्यायल्यावर ती खोलीत, मी दारात,
मधे शिशाचा पडदा, वर तिचं डोकं तेवढं.
मीटर कटकट करत होतं.
म्याडम, हे अर्धं अर्धं व्हत संपतं कव्हा?
संपत नाही, मी म्हणाले.
दहादा अर्धं झालं की आम्ही संपलं म्हणतो.
तिनं जरा विचार केला.
मंग आमच्या सासऱ्याच्या रानावाणी.
वाटण्या व्हता व्हता बांधच उरला,
पर सातबाऱ्यावर नाव हाय.

खाली गेटपाशी नवरा उभा, खांद्यावर पोर.
लेकरांना वर सोडत नाहीत.
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून
तिनं हात हलवला, मग लगेच मागं घेतला,
हातातूनही काही सांडत असेल म्हणून.
एवढ्या लांबून काही होत नाही,
हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी कॅमेऱ्याखाली घेतली.
गळ्यात ठळक ठिपका. अपेक्षित.
यकृत, पोट, मूत्राशय. अपेक्षित.
आणि छातीवर दोन्ही बाजूंना
धुकं पडावं तसा अगदी फिका उजेड.
मी पडद्याचा काळोख कमीजास्त करून पाहिला.
इलियास मागं उभा होता, काही बोलला नाही,
खुर्ची तेवढी पुढं सरकवली.

दीड महिना. कडुलिंब. तरीही.

अहवालात लिहिलं: दोन्ही स्तनांत सौम्य ग्रहण,
स्वाभाविक, आजार नव्हे.
तिमाहीच्या तक्त्यात ती एक आकडा झाली,
मात्रा, वय, लिंग, जिल्हा.
तक्ता व्हिएन्नाला गेला.
त्या फिक्या उजेडाला रकाना नव्हता,
आणि असावा असं मी सुचवलंही नाही,
काय नाव देणार होते मी त्याला.

माझ्या ॲप्रनवर, डाव्या बाजूला,
एक छोटा बिल्ला असतो.
माझ्या अंगात किती उतरलं
ते मोजायला दर तीन महिन्यांनी मुंबईला जातो.
उत्तर नेहमी एकच येतं,
छापील, एका ओळीत:
नोंदण्याजोगं काही नाही.