आ कर

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, डॉक्टर मगदूमबाई
लाकडी पट्टी हातात घेऊन म्हणतात, आ कर.
आर्जव ओठ आवळतो.
नाव ठेवताना कुठं ठाऊक होतं
की आम्हालाच इतकी आर्जवं करावी लागतील,
दिवसातून तीनदा,
पाच मिली औषधासाठी.

मी हात धरतो, पद्मजा डोकं.
दोन वर्षं चार महिन्यांचा जीव,
पण माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला त्या झटापटीत.
शेवटी रडायला तोंड उघडतं
तेवढ्यात बॅटरीचा उजेड आत जातो.
"बघा तुम्हीच," बाई म्हणतात.
मी बघतो.
दोन लालभडक गाठी, वर पांढरे ठिपके,
मध्ये चेपलेली पडजीभ.

माझा लेथ उद्यमनगरात.
बोअर किती, शाफ्ट किती, मध्ये फट किती,
केसाएवढा फरक गिऱ्हाइकाला सांगतो मी.
इथं माप घालायला जागा नाही.
अंदाजानं दोन सूत.
त्यातूनच श्वास, दूध, भाताची पेज,
आणि "बाबा" हा शब्द,
सगळ्यांनी जायचं-यायचं.

दिवाळीपासून ही सातवी खेप.
पद्मजा तापाच्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारते.
महिनाअखेरीला दूधवाला त्याच फुल्या
खाडे म्हणून मोजतो.

ज्येष्ठमध द्या. हळद द्या, गुळातून द्या.
गूळ नको, कफ होतो.
मिठाच्या गुळण्या करायला लावा.
लावल्या. त्याला वाटतं
गुळणी ही गिळायची गोष्ट असते.
शेजारच्या फौंड्रीतला दादू म्हणतो,
बावड्यात एक म्हातारी बोटानं पडजीभ उचलते,
माझ्या तिन्ही पोरांची उचलली, बघा.
मी पत्ता लिहून घेतला. गेलो नाही.
चिठ्ठी अजून खिशात आहे,
हे पद्मजाला माहीत नाही.

आई सूर्य बुडाल्यावर पाणीही घेत नाही,
चाळीस वर्षांचा नेम.
पण रात्रीच्या डोसाला तीच आधी उठते,
बाटली हलवते, झाकणातली रेघ दिव्यापाशी धरून बघते.
परवा त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं गुलाबी औषध
तिनं बोटानं निपटलं
आणि बोट सवयीनं तोंडात गेलं.
मग कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होती.
"गोडच आहे की गं," म्हणाली,
"मग का थुंकतंय पोर?"

तो झोपतो, आणि घोरायला लागतो,
बिनतेलाच्या बेअरिंगसारखा.
आवाज ओळखणं माझं पोटापाण्याचं काम,
कुठलं मशीन कधी बसणार, भिंतीपलीकडून सांगेन.
पण हा आवाज मध्येच थांबतो.
एक. दोन. तीन. चार.
पद्मजाही जागी असते, तीही मोजत असते.
आम्ही एकमेकांना सांगत नाही.
पाच.
मग एक आचका, कूस बदलणं,
परत सुरू.

बाई म्हणाल्या, झोपेतला व्हिडिओ काढून आणा.
काढला.
नुसता काळोख आहे त्यात, आणि आवाज,
आणि शेवटी माझ्याच तोंडून निघालेलं "हां".
काहींच्या वयाबरोबर आटतात, त्या म्हणतात,
काहींच्या काढाव्या लागतात.
मी "काढू" म्हटलं की पद्मजा "थांबू" म्हणते,
ती "काढू" म्हणाली
की मी.

रविवारी ताप उतरला.
त्याला घेऊन वर्कशॉपला गेलो. सगळं बंद, मेन स्विचही.
हातात घरची बॅटरी, काखेत फूटपट्टी,
तो लेथपुढे उभा राहिला.
"आ कल."
मी किल्ली फिरवून चकचे तिन्ही जबडे उघडले.
त्यानं आत उजेड टाकला,
बाईंसारखाच जरा वेळ गप्प राहिला.
"लाल आहे का हो, डॉक्टर?"
"काल्लं," तो म्हणाला,
आणि औषधासाठी हात पुढे केला.
मी तेलाची बुधली दिली.
पाच मिली, बजावलं.
त्यानं सगळी उपडी केली.

मशीन थुंकलं नाही,
याचं त्याला फार नवल वाटलं.