तासाला दहा वेळा

कुट्टीच्या यंत्राने बोटं तोडली नाहीत.
तोडली असती तर निकाल लागला असता, म्हणाले व्यंकटमामा.
मधलं आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही जागेवर,
फक्त आतल्या कंडरा तुटल्या
आणि त्यांची टोकं तळहातात आत पळाली,
दावं तुटलेलं वासरू गोठ्याच्या कोपऱ्यात पळतं तशी.

आंबेजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
रात्री दीडला ती शोधून काढली, शिवली.
मला वाटलं, झालं. शिवलं म्हणजे शिवलं.

चौथ्या दिवशी नुसरत मॅडम आल्या.
दोन नखांवर हूक चिकटवले, हुकांना रबर,
रबर मनगटाच्या पट्टीला.
"बोटं तू उघडायची. मिटायचं काम रबराचं.
तासाला दहा वेळा."
मी म्हटलं, मॅडम, जखम ताजी हाय,
गप पडू द्या की तिला. आमच्याकडं हाड मोडलं
तर कामट्या बांधतात, सव्वा महिना हलवत नाहीत.

त्यांनी पलीकडच्या खाटेकडे पाहिलं.
गेवराईचा इस्माईल. हात फडक्यात, फडकं गळ्यात,
दोन महिने अगदी जपला होता त्याने.
शिवण धरली, पण आजूबाजूच्या सगळ्याला चिकटली.
आता पुन्हा फाडायला आलाय.
आणि धारूरची सोजरबाई, दहाव्या दिवशी
भरलेली घागर उचलून बसली.
तुटताना आवाज आला म्हणे. ती सांगते आणि
दर वेळी डावा हात कानाशी नेते.

"आत नवे धागे येतात," मॅडम म्हणाल्या,
"ते येतात बाभळीच्या फेसाटीसारखे, कसेही.
ओढ कुठून कुठे आहे हे कळलं
की मग हळूहळू त्या दिशेला लागतात.
ओढच नसेल, तर त्यांना कोण सांगणार?"

भावाने मोबाइलात कोंबडा लावून दिला.
तासातासाला आरवायचा, दुपारी दोनलासुद्धा.
वॉर्ड शिव्या द्यायचा. मी बोटं उघडायची,
एक, दोन, पाचव्याला डोळ्यांत पाणी,
दहा. रबर त्यांना परत आत घेऊन जायचं,
रुसलेल्या पोरीला घरात घ्यावं तसं.

बाप घायपाताचा वाख वळायचा.
नायलॉन यायच्या आधी पोळ्याला आमच्या दारात
चार गावांचे बैलवाले बसलेले असायचे.
मी पाच वर्षांची, दुसरं टोक माझ्या हातात,
तो फिरकी फिरवत मागं मागं सरकायचा.
"दैवशाला, सैल सोडू नको!"
मी मागे रेलायची, सगळा जीव लावून.
"वढू बी नको!"
मग नेमकं काय करू, हे त्याने कधीच सांगितलं नाही.
सांगता येत नसेल.
सैल सोडलं की पेडांना आढी पडायची,
ओढलं की मधेच वाख निसटायचा,
आणि मधलं काहीतरी असायचं
जे फक्त तळहाताला समजायचं.

सहाव्या आठवड्यात पट्टी निघाली.
बाराव्यात मॅडम म्हणाल्या, आता वजन घे, पण अंदाजानं.
त्यांनी पट्टी ठेवून मोजलं:
मधलं बोट तळव्याला टेकतं,
दुसरं थोडं अलीकडेच थांबतं.
ज्वारीचा एक दाणा मावेल एवढी फट.
ती जाईल का, विचारलं. त्यांनी वहीत आकडा लिहिला.

बाप आता कुणासाठी वळत नाही.
तरी उन्हाळ्यात वाख भिजवतो, सुकवतो.
काल म्हणाला, टोक धरतीस का?
मी उजवाच हात पुढे केला.
त्याने पहिला पीळ दिला,
तो दोरातून आला, बोटांतून, कोपरापर्यंत,
आणि शिवलेल्या जागी क्षणभर थांबला.

तो ओरडला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला.
मग अर्धं पाऊल मागे सरकला.
मी म्हटलं, अजून.