पडता

एल्बर्टन, जॉर्जिया. गाव दगडाचं.
जमिनीखाली ग्रॅनाइट, वर चर्च,
आणि मध्ये, कापसाच्या जुन्या गोदामात,
मुथा अँड सन्स.
सन्स दोघेही शिकागोला, डॉक्टर.
दारावर शेंदराने शुभ, लाभ.
पोस्टमन लॅरीने पहिल्या दिवशी विचारलं होतं,
हे लहान मुलांनी रंगवलं का?

मी इथे हिशेब लिहिते. सात वर्षं झाली.
नोकरी मागायला आले तेव्हा
घेवरचंद शेठ म्हणाले, "कुठल्या?"
अंबडच्या, म्हटलं.
"मग आमच्या जालन्याच्याच की! 
इंग्रजीत काहून बोलू राहिल्या?"
आणि पगार सांगितला.
तोही जालन्याचाच.

मराठी मंडळात बायका डोळा मारून विचारतात,
मारवाड्याकडे? चहा मिळतो की नुसती वाफ?
मी हसते. हसायची सवय जुनी आहे.
शाळेत, पेन्सिल उसनी न देणाऱ्या कुणालाही
आम्ही मारवाडी म्हणायचो.
वर्गात खरा एकच होता, कांतिलाल.
तो द्यायचा.
फक्त वहीच्या मागे लिहून ठेवायचा, कुणाला दिली.

तर पैसा. सगळ्यांना तेच ऐकायचं असतं.
आहे. बक्कळ आहे.
जालोरचा गुलाबी, ओंगोलचा काळा,
सव्हाना बंदरात कंटेनरवर कंटेनर.
दगडाच्या गावाला दगड विकला या माणसाने.
गाडी मात्र दोन हजार नऊची,
डावीकडची काच खाली जात नाही.
"वर तर हाये ना," म्हणतात.

एकदा म्हटलं, शेठ, लोक म्हणतात
नुसता एक लोटा घेऊन आलात.
चिडले.
"लोटा घरी लागत होता.
बायकोच्या मावसभावाकडून अकराशे डॉलर आणले,
महिना दीड टक्क्याने. त्याचं नाव घ्या की.
लोट्याचं काय घेता."

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण
आणि जेवणाच्या आत पडता.
किती दगड गेला, किती तडकला,
क्रेनचं डिझेल, करवतीचं पातं,
लॅरीला दिलेली पाण्याची बाटली,
सगळं वजा जाता
आजचा दिवस आपल्याला कितीला पडला.
कॉम्प्युटर महिन्याअखेर सांगतो, म्हणून पाहिलं मी.
"महिन्याने कळलं तर तो हिशेब नाही, बाई.
बातमी."

जानेवारीत एक पिकअप आला.
वेस्ली टकर, खाणीत ड्रिल चालवणारा.
टोपी काढून बगलेत धरली.
दगड हवा होता. छोटा.
केवढा, ते त्याने दोन हातांनी दाखवलं
आणि हात तसेच राहिले, हवेत.

शेठ उठले. गोदामात गेले.
ओंगोलचा काळा, ज्याच्यात बँकेच्या मॅनेजरलाही
एक डॉलर सोडला नव्हता,
त्यातून कापून घेतला. कडा स्वतः घासल्या.
वेस्ली पाकीट काढत होता, शेठ मान हलवत होते.
दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नाही.
बरंच झालं.

संध्याकाळी वही उघडली.
धर्मादा खात्याला टाकू? मी विचारलं.
बदामबाईंनी खिचडी वाढून ठेवलेली,
बाहेर ऊन पाइनच्या शेंड्यांवर.
"नको. धर्माद्यात लिहिलं तर पुण्य जमा होतं.
ह्याच्यावर नाही कमवायचं.
तूट लिहा."

लिहिली. ओंगोल काळा, दीड फूट बाय एक. तूट.
कारणाचा रकाना रिकामा.
कारण, शेठ?
ते खिडकीकडे पाहत राहिले.
ऊन शेंड्यांवरून गेलं, आभाळातूनही गेलं.
आता आज जेवण नाही.
बदामबाईंनी न बोलता ताट उचललं.

"फुटला," म्हणाले. "लिहा, फुटला."

सकाळी आले तर वही उघडीच,
माझ्या अक्षराखाली त्यांचं, पेन्सिलीने:
पाण्याची बाटली, चाळीस सेंट.
लॅरीची. मी विसरले होते.