शीग

माझी नोकरी वजनमापं तपासायची.
तेहेतीस वर्षं ईसाल्मीच्या बाजारात
मी पितळी वजनांवर शिक्के मारले,
मासेवाल्यांच्या तराजूखाली चिकटवलेली नाणी
नखानं खरवडून काढली.
भरल्या मापावर पट्टी फिरवायची,
वरची शीग उडवायची,
हाताला अजून तीच सवय आहे.

आणि आता ओट्यावर बहिणीची चिठ्ठी:
रुबार्बचे आठ देठ.
पाणी, बुडतील न बुडतील इतकं.
बटाट्याचं सत्त्व दोन चमचे, गार पाण्यात कालवून.
साखर लागेल तेवढी.

लागेल तेवढी!
असल्या मापापायी मी दुकानांना टाळी ठोकलीत.

व्हासाला फोन लावला. ती तिथे लेकाकडे असते.
"इर्या, लागेल तेवढी म्हणजे किती?"
"देठांना विचार."
"देठ बोलत नाहीत."
"मे महिन्यातले कमी बोलतात. जूनअखेरचे भांडतात.
आणि रंगावर जाऊ नकोस, लाल म्हणजे गोड नव्हे.
एक तुकडा कच्चा चाव.
एक डोळा मिटला तर एक कप,
दोन्ही मिटले तर दीड.
खांदे कानांना टेकले तर माझं नाव घे
आणि घालत राहा."

तिला सांगितलं नव्हतं ते असं:
फेब्रुवारीतल्या तापात माझी जीभ गेली.
बोलायची शाबूत आहे, चवीची गेली.
कॉफी म्हणजे गरम. हेरिंग म्हणजे ओलं.
मीठ आणि साखर, दोन्ही नुसती वाळू.

तरी चावला तुकडा.
कर्रकन आवाज आला.
डोळे उघडेच राहिले, दोन्ही,
आणि त्यांना खिडकीतून कुंपण दिसलं,
कुंपणावर बसलेली शेजारची टाइका,
वय सात, पुढचे दोन दात गायब.

"काम आहे," मी म्हणालो. "पगार एक वाटी."
ती चपला काढून आली,
स्टुलावर चढली, तोंड उघडलं.

कच्चा तुकडा: दोन्ही डोळे, दोन्ही खांदे,
आणि एक पाय हवेत. तो चिठ्ठीत नव्हता.
पाऊण कप घालून, उकळी आल्यावर, फुंकून:
दोन्ही डोळे.
आणखी पाव कप: डावा डोळा.
मी चमच्यावर सुरी फिरवून तो सपाट करायचो,
वहीत लिहायचो,
पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे बघायचो,
काटा थरथरत मध्यावर यावा तसं.
सहा चमचे: फक्त नाक.
आठ: नाकाची एकच बाजू.
नववा घातला, ढवळलं, दिलं.
तिनं गिळलं आणि म्हणाली,
"माझ्या सायकलची घंटा पडली ना तळ्यात,
पण बाबा म्हणतो बेडूक वाजवतील."

मी थांबलो. चेहऱ्यावर काहीच नव्हतं,
आंबट नाही, गोड नाही,
नुसती घंटा आणि बेडूक.
विस्तव बंद केला.

संध्याकाळी फोन तिचाच.
"किती घातलीस?"
"एक कप, नऊ चमचे. सायकलीची गोष्ट निघेपर्यंत."
"कुणाची सायकल?"
सांगितलं.
तिकडे कपबशी ठेवल्याचा आवाज, मग काही नाही, मग:
"आणि तुला कशी लागली?"

मी पातेल्याकडे बघितलं.
गुलाबी, वर साय धरू लागलेली.
खोटं वजन मला लांबून ओळखू येतं,
आणि तिलाही येतं, आम्ही एकाच घरचे.

"कधीपासून रे?"
"फेब्रुवारी."
"आणि आज जून," ती म्हणाली.
रागावेल असं वाटलं. नाक ओढलं तिनं.
"बरं ऐक. पोरीनं गरमच चाखलं ना?
गार झालं की गोडी उतरते.
अजून एक चमचा घाल,
वरून पसर, साय धरणार नाही."

मी डबा उघडला, चमचा भरला.
सुरी हातात होतीच.
ती खाली ठेवली,
आणि चमचा तसाच, शिगेसकट, नेला पातेल्यावर.
थोडी ओट्यावर सांडली.