जावा, डिसेंबर

पाच वाजता शुक्रवार पेठेत
नदी दारापर्यंत येते, धुकं होऊन.
कुणीतरी खोकतं, आणि दोन घरं सोडून
दुसरं कुणीतरी त्याला उत्तर देतं.

मी गाडीवरचं पोतं काढतो.
(आमच्यात बायकाही ‘काढतो’च म्हणतात.
आई शेवटपर्यंत ‘जेवलो’ म्हणायची.)
पोतं दवानं जड.
टाकीवर हात ठेवला की आपोआप मागं येतो.

उंबऱ्यात आप्पा. घोंगडं, कानटोपी,
उजवा हात मांडीवर,
पाहुण्यानं विसरून ठेवलेल्या वस्तूसारखा.
अर्धांग झाल्यापासून तीनच शब्द उरलेत त्यांच्याकडं:
हां, न्हाई, थांब.
गाडी चालू करायला तेवढे पुरतात.

पेट्रोलचा नळ उघडा. हां.
कार्ब्युरेटरवरचं बारकं बटण दाबून धरायचं
बोटावर पेट्रोल येईस्तोवर,
विहिरीच्या पाण्याहून गार. हां.
चावी? थांब.
आधी दोन किका कोरड्या.
रात्रभरात ऑइल थिजलेलं असतंय, तुपागत;
त्याला हलवायचं, मग मागायचं.
मूठ पिळू? न्हाई. न्हाई. न्हाई.

परवा मी ऐकलं नाही.
उशीर झालेला, बोटं वाकत नव्हती,
मूठ पिळली दोनदा, तिनदा, कुणाचा तरी राग गाडीवर.
प्लग भिजला. बोळभर पेट्रोलचा वास.
वीस किका. पंचवीस.
समोरचा धैर्यशील बाहेर आला, बटणाच्या गाडीवाला,
म्हणाला, ‘ताई, घाल की भंगारात. किलोवर जाईल.’
आप्पांनी त्याच्याकडं बघितलं.
त्या बघण्यात चौथा शब्द होता,
तो मी इथं लिहीत नाही.

मग पाना आणला. प्लग काढून ओढणीला पुसला,
गॅसच्या आचेवर धरला, शेंगा भाजाव्या तसा.
नळ बंद, मूठ पूर्ण उघडी, चार किका नुसत्याच.
हे सगळं मला इलाही मिस्त्रीनं सांगितलं, उद्यमनगरात;
तो आप्पांच्याच हाताखाली शिकलेला.
आप्पांनी मला कधी शिकवलं नव्हतं.
तेव्हा त्यांच्याकडं शब्द पुष्कळ होते,
पण ते गिऱ्हाइकांना लागायचे.

आज ऐकतो.
खिळ्यासारखी चावी हेडलाइटच्या डोक्यात दाबतो.
तांबडा दिवा, जोंधळ्याएवढा.
पायानं दांडी आत ढकलून उभी करतो,
हिची किकपण तीच, गिअरपण तीच,
एका पगारात दोन कामं.

एक. काही नाही.
दोन. आतून एक ढेकर.
घोंगड्यातून डावा अंगठा वर येतो: थांब.
का थांब, ते मला अजून कळलेलं नाही.
काहीतरी ऐकतात ते.
पलीकडच्या काठावरनं गुऱ्हाळाचा वास येतो,
पाय किकवर तसाच, गोठलेला,
आणि आप्पा डोळे मिटून, जणू आत कुणी बोलतंय.
‘हां.’

तीन.
भडभडभड, आणि निळा धूर, आणि कुत्री,
आणि धैर्यशीलची खिडकी आपटते.
लगेच निघायचं नाही.
मिनिटभर उभं राहायचं, ती आपल्या पायावर येईपर्यंत.
या आवाजात आप्पांचे ओठ हलायला लागतात.
काय म्हणतात ऐकू येत नाही,
तीन शब्दांपेक्षा जास्त असतं, एवढं नक्की.
गाडी बंद करून विचारावं, असं रोज वाटतं.
पण ती परत चालू होईल याची खात्री कुणी द्यावी.
‘येतो,’ म्हणतो मी.

पुलावर कठडाही दिसत नाही.
वडणग्याच्या डेअरीत किटल्यांची रांग लागलेली,
मी फॅट लावायला बसतो.
सगुणामावशी नाक मुरडते,
‘बाई, दुधाला पेट्रोलचा वास कसला गं?’
‘बोटाला हाय, मावशी. दुधाला न्हाई.’
आणि वहीत लिहितो: सहा पॉइंट आठ.